डिझेल जनित्राची क्षमतानिवड

एखाद्या जागेचा वीजभार पेलण्यासाठी जनित्र संच किती केव्हीएचा (किलोव्होल्ट-अँपिअर, म्हणजे व्होल्टेज आणि प्रवाह यांच्या गुणाकारावरून काढलेले माप) असावा, हे ठरवण्याच्या प्रक्रियेला क्षमतानिवड म्हणतात. सगळ्या उपकरणांच्या वॅटची बेरीज करायची आणि त्याहून बराच मोठा संच घ्यायचा, ही रूढ रीत अपुरी आहे. संचाची खरी परीक्षा दोन वेळांना होते : मोठी मोटार सुरू होते त्या काही सेकंदांत, आणि जवळजवळ काहीच चालू नसते त्या तासांत. पहिल्या वेळी लहान संच दम तोडतो, तर दुसऱ्या वेळी मोठा संच आतून खराब होत जातो. योग्य क्षमता या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असते.

संच म्हणजे एका बैठकीवर जोडलेली दोन यंत्रे, डिझेल इंजिन आणि त्याच्या जोरावर फिरून वीज तयार करणारा अल्टरनेटर. इंजिनाची ताकद किलोवॅटमध्ये मोजतात. अल्टरनेटरच्या वाइंडिंगला (तारेच्या वेटोळ्यांना) मात्र सगळा प्रवाह वाहावा लागतो, म्हणून त्याचे माप केव्हीए. त्रिफेज संचाची क्षमता सहसा ०.८ शक्तिगुणक (किलोवॅटचे केव्हीएशी प्रमाण) धरून सांगतात. १०० केव्हीएच्या संचाकडून ८० किलोवॅट मिळतात, आणि ४१५ व्होल्टला प्रत्येक फेजमध्ये सुमारे १३९ अँपिअर. किलोवॅट आणि केव्हीए एकच समजणे ही खरेदीतली नेहमीची चूक आहे.

आता मोटारीकडे पाहू. १५ किलोवॅटची, म्हणजे २० अश्वशक्तीची पंपाची मोटार चालताना सुमारे २० केव्हीए घेते. तीच थेट स्टार्टरवर, म्हणजे पूर्ण व्होल्टेज एकदम देऊन, सुरू केली तर क्षणभर सहापट, म्हणजे १२० केव्हीएच्या आसपास मागते. सुरू होताना तिचा शक्तिगुणक फार कमी असतो, त्यामुळे हा धक्का इंजिनापेक्षा अल्टरनेटरला जास्त बसतो. व्होल्टेज खाली येते, दिवे मंदावतात, आणि घसरण फार झाली तर दुसऱ्याच यंत्रांचे कॉन्टॅक्टर (चुंबकाने चालणारे स्विच) सुटतात. मोटार आधी कमी व्होल्टेजवर सुरू करणारा स्टार-डेल्टा स्टार्टर लावला की हा सुरुवातीचा प्रवाह साधारण एकतृतीयांशावर येतो, व्होल्टेज हळूहळू वाढवणाऱ्या सॉफ्ट स्टार्टरनेही तो आवरता येतो. क्रमही महत्त्वाचा आहे. सर्वांत मोठी मोटार आधी आणि बाकीचा भार मागून जोडला, तर पुष्कळदा एक पायरी लहान संच पुरतो. नवा संच घेण्याआधी स्टार्टर तपासावा तो यासाठीच.

मोठा संच घेतला म्हणजे निर्धास्त, हा समज त्याहून घातक आहे. त्याचे नुकसान लगेच दिसत नाही. क्षमतेच्या ३० टक्क्यांहून कमी भारावर इंजिन दीर्घकाळ चालले तर सिलिंडर पुरेसे तापत नाहीत आणि सगळे डिझेल जळत नाही. न जळलेले इंधन आणि काजळी एक्झॉस्टमध्ये साचून काळा चिकट द्रव पाझरू लागतो. यालाच वेट स्टॅकिंग म्हणतात. सिलिंडरच्या भिंती गुळगुळीत होतात, पिस्टनच्या रिंगा नीट बसत नाहीत, तेलाचा खप वाढतो. म्हणून नेहमीचा भार क्षमतेच्या ६० ते ८० टक्क्यांत राहील असा संच निवडावा. नाइलाजाने कमी भारावर चालणाऱ्या संचाला अधूनमधून लोड बँक (कृत्रिम भार देणारे उपकरण) जोडून पुरेसा भार द्यावा लागतो.

नेमप्लेटवरील आकडा कोणत्या वापरासाठी आहे हेही पाहावे. आयएसओ ८५२८ मानकानुसार आपत्कालीन स्टँडबाय क्षमता वर्षाला २०० तासांपर्यंतच्या वापरासाठी असते. प्राइम क्षमतेला तासांची मर्यादा नसते, पण भार बदलता असावा आणि २४ तासांची सरासरी सहसा ७० टक्क्यांवर जाऊ नये. अखंड स्थिर भारासाठी कंटिन्युअस क्षमता वेगळी दिलेली असते. रोज चालवायचा संच स्टँडबायच्या आकड्यावर घेतला तर तो लवकर झिजतो. उंच ठिकाणची विरळ हवा आणि उष्ण हवामान यांमुळेही क्षमता घटते. ती किती, हे निर्मात्याच्या तक्त्यावरून काढावे. यूपीएस (बॅटरीवरून अखंड वीज देणारे उपकरण) आणि व्हीएफडी (मोटारीचा वेग बदलणारे उपकरण) विजेच्या लहरींचा आकार बिघडवतात, तेव्हा बऱ्याचदा इंजिन तेच ठेवून फक्त अल्टरनेटर मोठा घेतात.

चालू जागेत मात्र कागदावरच्या बेरजेपेक्षा मोजमापावर विसंबावे. निदान आठवडाभर, आणि ऋतूनुसार भार बदलत असेल तर सर्वाधिक वापराच्या दिवसांतही, तिन्ही फेजचे प्रवाह नोंदवावेत. एका फेजवर भार एकवटला असेल, तर एकूण आकडा मर्यादेत असूनही त्या फेजचे वाइंडिंग तापते. सगळी उपकरणे एकदम चालत नसल्याने प्रत्यक्षातला कमाल भार बेरजेहून बहुधा कमीच निघतो. दिवसा खूप आणि रात्री अगदी थोडा भार असेल तिथे एका मोठ्या संचापेक्षा सिंक्रोनायझिंग पॅनेलवर (संचांचा ताल जुळवून त्यांना एकत्र चालवणाऱ्या पॅनेलवर) जोडलेले दोन लहान संच बरे. रात्री एकच चालतो, आणि एक बंद पडला तरी अत्यावश्यक भार दुसऱ्यावर चालू राहतो.