पोर्ट आरशासारखे चकचकीत केले की गाडी पळते?

"हेड घरी आणा, पोर्ट मोठे करा, आरशासारखे घासा, गाडी सुसाट!" बेळगावच्या उद्यमबागेपासून निपाणीपर्यंत गॅरेजांत हा सल्ला अजून फिरतो. त्यापायी चांगली हेडं भंगारात जातात, म्हणून हा खुलासा. हेड म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरवर बसणारा झाकणासारखा भाग, आणि पोर्ट म्हणजे त्यातली हवा आत घेणारी (इनटेक) आणि धूर बाहेर सोडणारी (एक्झॉस्ट) वाट.

पोर्ट रुंद केला की हवेचा वेग घटतो आणि कमी आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाचे फेरे कमी असताना) सिलिंडर नीट भरत नाही. वरच्या आरपीएमला थोडी ताकद मिळेलही, पण चोर्ला घाट चढताना लागते ती खालची ओढ जाते. रोजच्या गाडीला हा सौदा परवडत नाही.

इनटेकला चकाकी नकोच. कार्बोरेटरच्या किंवा पोर्टात इंजेक्टर असलेल्या इंजिनात पेट्रोल गुळगुळीत भिंतीवर ओघळतं. ८० नंबरच्या एमरी पेपरचा खरखरीतपणा बरा. एक्झॉस्ट चकचकीत केला तर हरकत नाही, काजळी कमी धरते.

खरा फायदा आहे तो व्हॉल्व्ह सीटच्या (व्हॉल्व्ह बंद होताना जिथे टेकतो त्या बैठकीच्या) लगेच खाली. ओतीव भाग आणि मशीनिंग जिथे मिळतात तिथे एक कड राहते, बोट फिरवलं की लागते. ती हलक्या हाताने उतरवा. सीटला मात्र कटर लागू देऊ नका. एका ओरखड्यानेही कॉम्प्रेशन (सिलिंडरातला दाब) गळू शकतं. पोर्टाच्या वळणाची आतली गोलाई जपा, तिथे जास्त खरवडलं की हवा भिंत सोडते. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात भिंतीपलीकडे पाण्याचं जॅकेट, म्हणजे पाणी फिरण्याची पोकळी असते, तेव्हा भिंत फार पातळ करू नका. बसवण्याआधी हेड नीट धुवा, धातूचा कीस एकही राहता कामा नये.