कचरा गाडीचं गाणं

सकाळी सातच्या सुमारास आमच्या गल्लीच्या तोंडाशी कचरा गाडी वळते आणि तिच्या भोंग्यावर गाणं सुरू होतं. स्वच्छतेत शहराचा पहिला नंबर आल्याचं. २०१७ पासून इंदुरात राहिलेल्या कुणालाही ते तोंडपाठ आहे, शाळेत न जाणाऱ्या पोरांनासुद्धा. मला त्याचं काही वाटत नाही. कानावर पडलं की हात आपोआप डब्यांकडे जातात, ओला हिरव्यात, सुका निळ्यात, आणि मी परत चहाकडे वळतो.

धाकटी बहीण २०१९ साली नोकरीसाठी पुण्याला गेली. मध्यंतरी तिच्या ऑफिसात कुणीतरी मोबाइलवर सराफ्यातल्या खाऊगल्लीचा व्हिडिओ लावला, त्याच्यामागे हेच गाणं होतं. तिने जिन्यात जाऊन मला फोन केला. आवाज भरून आलेला. "दादा, मला एकदम आपलं फाटक दिसलं रे. माझी अर्धी वेणी घातलेली, आई आतून ओरडतेय, गीला-सूखा एक करू नको म्हणून, आणि मी तो पत्र्याचा डबा ओढत पळतेय. त्याची कडी कशी वाजायची, आठवतंय?"

मला आठवत नव्हतं. गाणं तेच, फाटक तेच, डबाही तोच. उलट मी ते गाणं तिच्या कितीतरी पट जास्त वेळा ऐकलेलं. मग आठवण एकटीच्याच वाट्याला का आली?

आठवण मेंदूच्या एखाद्या कप्प्यात अख्खी ठेवलेली नसते. फाटकाचं चित्र एकीकडे, कडीचा आवाज दुसरीकडे, उशीर झाल्याची धाकधूक तिसरीकडे. कानशिलाच्या आत खोल दडलेला, करंगळीएवढा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग या सगळ्याची एक मोट बांधतो. पुढे त्यातलं एक टोक हाती आलं की बाकीचं मागोमाग ओढलं जातं. एन्डेल टुल्व्हिंग आणि डोनाल्ड थॉम्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये मांडलं, की आठवण बांधली जात असताना जी खूण तिथे हजर होती, तीच पुढे उपयोगी पडते. दोन वर्षांनी डंकन गॉडन आणि ॲलन बॅडली यांनी पाणबुड्यांना पाण्याखाली शब्दांची यादी पाठ करायला लावली. किनाऱ्यावर येऊन जेवढे शब्द आठवले, त्यापेक्षा जास्त पुन्हा पाण्याखाली गेल्यावर आठवले. गाण्याचंही असंच. एका काळाचं पाणी त्याच्यात भरलेलं असतं.

पण याने अर्धंच कोडं सुटतं. त्या पाण्यात मीही होतोच की.

उरलेलं अर्धं मायकेल आणि ओल्गा वॉटकिन्स यांच्या १९७५ च्या कामात सापडतं. भिंतीतल्या खुंटीला एकच सदरा टांगलेला असेल तर अंधारातही हाताला लागतो. तिच्यावर घरभराचे कपडे चढवत गेलं की भर दिवसाही हवा तो सापडत नाही. खुणेचं तसंच होतं: एका खुणेला जितक्या जास्त गोष्टी जोडलेल्या, तितकी त्यातली एक नेमकी गोष्ट बाहेर काढणं अवघड. बहिणीच्या खुंटीवर कपडे चढायचे २०१९ ला थांबले. माझ्या खुंटीवर रोज सकाळी एक चढतो आहे. गाणं मला काही आठवून देत नाही, ते फक्त सात वाजल्याचं सांगतं.

आवडतं गाणं आणि आठवणीचं गाणं, ही जोडी म्हणूनच मला थोडी संशयास्पद वाटते. लताबाई इथल्याच शीख मोहल्ल्यात जन्मल्या, २८ सप्टेंबर १९२९ ला. त्यामुळे गाण्याच्या गप्पा निघाल्या की आम्ही इंदूरकर जरा छाती काढूनच बोलतो, आणि बोलतो ते गाण्याच्या थोरवीबद्दल. माझे काका रामबागेत राहतात. चाळीस वर्षं रोज संध्याकाळी उस्ताद अमीर खाँ ऐकतात. त्यांना विचारलं, ऐकताना काय आठवतं? "काय आठवायचंय? राग असतो समोर." त्याच काकांच्या घरावरून लग्नसराईत एक बँड गेला, क्लॅरिनेटवर कुठल्याशा पडेल सिनेमाची धून वाजवत. काका खिडकीशी गेले ते तिथेच उभे राहिले. मालवा मिलच्या चौकात सायकल पंक्चर झालेली, पंक्चरवाल्याच्या दुकानात हीच धून, बादलीतल्या पाण्यात ट्यूबमधून निघणारे बुडबुडे, खिशात चाराणे कमी. गाणं त्यांना मुळीच आवडत नाही. पन्नास वर्षांत त्यांनी ते कधी लावलं नव्हतं, म्हणून तर खुंटी मोकळी राहिली.

आणि आठवलं काय, तर पंक्चर! काकांचं लग्न नाही, नोकरीचा पहिला दिवस नाही. इथेच लोक चकतात. गाण्याने आयुष्यातला मोठा क्षण परत यावा अशी आपली अपेक्षा, आणि येतं ते इस्त्री, रिक्षा, उसळ-पोह्यांचं दुकान, आईचं रागावणं. हिशेब केला तर यात नवल नाही. मोठ्या प्रसंगात कुणी रेडिओ लावून बसत नाही. गाणी वाजतात ती हात कामात आणि डोकं रिकामं असताना. एकच गाणं महिनाभर त्याच वेळी, त्याच कामात वाजलं, तर मेंदू तीस वेगळ्या सकाळी जपून ठेवत नाही. त्यांची मिळून एक सकाळ करतो. बहिणीला दिसलेली सकाळ कोणत्या तारखेची, हे तिलाही सांगता येणार नाही. ती बहुधा दोन-अडीचशे सकाळींची बेरीज आहे.

आठवणी येतात त्याही अशाच, कामाच्या मध्ये. इंग्लंडमधल्या डरहॅम विद्यापीठातल्या केली याकुबोव्स्की यांनी लोकांना रोजच्या जगण्यात अशा आठवणींची डायरी ठेवायला सांगितली. साधारण दिवसाला एक आठवण गाण्यामुळे येत होती, बहुतेक वेळा घरकाम किंवा प्रवास चाललेला असताना, न बोलावता. कॅलिफोर्नियातल्या पीटर जनाटा यांनी २००७ मध्ये विद्यार्थ्यांना त्यांच्या शाळकरी वयातल्या लोकप्रिय गाण्यांचे तुकडे ऐकवले, तेव्हा सुमारे ३० टक्के वेळा काहीतरी स्वतःचं आठवलं. म्हणजे दहातली सात गाणी नुसती गाणीच. २००९ मध्ये त्यांनी १३ विद्यार्थ्यांना स्कॅनरमध्ये झोपवून हाच प्रयोग केला. कपाळामागचा, मधल्या रेषेलगतचा मेंदूचा भाग आठवणीच्या गाण्यांना जास्त प्रतिसाद देत होता. गंमत म्हणजे तोच भाग गाण्यातल्या सुरांच्या हालचालीचाही माग ठेवत होता. चाल आणि 'मी' यांची गाठ पडते ती तिथे, असं जनाटा यांचं म्हणणं.

गाणं ओळखायला किती गाणं लागतं? मुखडासुद्धा लागत नाही. १९९९ च्या एका प्रयोगात कॅनडातले ग्लेन शेलेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाजलेल्या पाच गाण्यांचे एक दशांश सेकंदाचे तुकडे विद्यार्थ्यांना ऐकवले. एवढ्यात ना शब्द, ना चाल, ना ठेका. तरी नुसत्या अंदाजापेक्षा जास्त बरोबर उत्तरं आली. ओळखायला उरतो तो फक्त आवाजाचा पोत, वाद्यांची ती विशिष्ट सरमिसळ. तबला-पेटीच्या भाषेत सांगायचं तर सूर लागायच्या आधी भात्याची हवाच पुरे होते.

म्हणून जुनं गाणं चकचकीत करून ऐकवलं की मला कसंसंच होतं. आजीचा ट्रान्झिस्टर फडताळावर, दुधाच्या पातेल्याशेजारी असायचा, पाठीला रबरबँड, कारण सेलचं झाकण हरवलेलं. त्यावर मालवा हाउस लागायचं. आकाशवाणीचं इंदूर केंद्र तिथे १९५५ साली सुरू झालं. शेतीच्या कार्यक्रमातल्या नंदाजी-भेराजींच्या मालवी गप्पा आजी मन लावून ऐकायची, घरात एक बिघा जमीन नसताना. मधून खरखर. मिक्सर सुरू झाला की गाण्याचा जीवच जायचा, आणि आजी "थांब गं, अंतरा होऊ दे" म्हणून आईला हाताने थांबवायची. आज तीच गाणी मोबाइलवर लख्ख ऐकू येतात, पण आजी दिसत नाही. खरखरीसकटचं एक रेकॉर्डिंग सापडलं तेव्हा दिसली, रबरबँडासकट.

ही गाणी माझ्या जन्माच्या कितीतरी आधीची. म्हाताऱ्या माणसांना आयुष्यातलं काहीही आठवायला सांगितलं तर दहा ते तीस वर्षांच्या दरम्यानच्या आठवणी प्रमाणाबाहेर येतात, हे जुनं निरीक्षण आहे. या वयात पुष्कळ गोष्टी पहिल्यांदा घडतात आणि आपण कोण हे ठरत असतं. बहीण कचरा गाडीमागे पळायची तेव्हा कॉलेजात होती, हेही लक्षात घ्यायला हवं. पण कॉर्नेल विद्यापीठातल्या कॅरल क्रमहान्सल आणि जस्टिन झुपनिक यांना २०१३ मध्ये आणखी काहीतरी मिळालं. विशीतल्या मुलांना जवळपास पंचावन्न वर्षांतली गाणी ऐकवली, तर त्यांच्या जिव्हाळ्याचा एक उंचवटा आईवडिलांच्या तरुणपणच्या गाण्यांवर आला, आणि त्याच्याही मागे आणखी एक, बहुधा आजी-आजोबांच्या काळाचा. घरात जे वाजतं ते वारशात येतं, भांड्याकुंड्यांसारखं.

एक सावधगिरी मात्र हवी. गाण्याने आलेली आठवण लख्ख असते म्हणून खरी असतेच असं नाही. आईला शपथेवर आठवतं, की माझ्या मामाच्या मुंजीत, १९८७ ला, मांडवात अमुक एक गाणं सारखं वाजत होतं. तो सिनेमा १९८९ चा! मावशीने हे काढल्यावर दोघी दोन दिवस बोलत नव्हत्या. आठवताना मेंदू मोट सोडतो आणि परत बांधतो. बांधताना शेजारचं काही आत जातं, आतलं काही बाहेर राहतं. आईच्या मोटेत दुसऱ्याच कुणाच्या मांडवातलं गाणं शिरलं असणार. मी हे तिला अजून सांगितलेलं नाही.

समोरच्या वाड्यातल्या काकूंची गोष्ट वेगळी. शेवटची तीन वर्षं त्यांना मुलगा ओळखू येत नव्हता. हस्त नक्षत्र लागलं, अंगणात पाटावर हत्ती काढला, भोंडल्याची गाणी सुरू झाली की त्या खुर्चीतून सगळी कडवी म्हणायच्या, एक ओळ न चुकता. २०१५ मध्ये लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी दाखवलं, की फार दिवसांची ओळखीची गाणी सांभाळणारे मेंदूचे भाग अल्झायमरमध्ये तुलनेने कमी झिजतात. ब्रिटिश संगीतकार क्लाइव्ह वेअरिंग यांची स्मरणशक्ती १९८५ मध्ये मेंदूच्या संसर्गाने गेली, मिनिटापूर्वीचं राहत नसे, पण पियानोवर हात तसाच चालायचा. हाताची आणि जिभेची आठवण वेगळ्या वाटेने साठते. गाणं झाल्यावर मुलाने विचारलं, "आई, कुणाच्या अंगणात म्हणायचीस गं हे?" काकू हसल्या फक्त. खुंटी शाबूत होती, सदरा नव्हता.

बहिणीने मागितलं म्हणून गेल्या रविवारी मी गाडीचं रेकॉर्डिंग केलं. मोबाइल फाटकावर ठेवला आणि नेहमीसारखा डबा घेऊन गेलो. भोंगा, शेजारच्यांची कुत्री, कुकरची शिट्टी, आईचं "मुझे सब दिखता है" (कचरा गाडीवरच्या दादाशी ती हिंदीतच बोलते, रागावते मात्र मला). सव्वा मिनिटाचं निघालं. पाठवलं.

संध्याकाळपर्यंत उत्तर नाही. मग मीच फोन केला. ऐकलंस का?

"ऐकलं," ती म्हणाली. "डबा बदललात तुम्ही?"