आत्या पडली, पण का पडली?

"वय झालं की तोल जायचाच" हे वाक्य गेल्या काही महिन्यांत इतक्या जणांकडून ऐकलं की शेवटी लिहायलाच बसले. माझी आत्या, वय ७८, लालबागच्या चाळीत राहते. पहाटे संडासला जायला उठली आणि खोलीच्या दारातच कोसळली, मनगट मोडलं. हॉस्पिटलमध्ये प्लास्टर झालं, सिस्टरने झोपलेल्या आत्याचं बीपी घेतलं, नॉर्मल होतं. समाजसेवा अधीक्षकांनी रेशनकार्ड बघून बिलात सवलतीचा फॉर्म भरून दिला. दोघांनीही आपापलं काम नीट केलं. पण ती पडली का, हे कुणीच विचारलं नाही. घरी आल्यावर शेजारच्या काकूंनी मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. काकूंची माया खरी आहे, पण दृष्ट लागून कुणी पडत नाही. पडण्याला कारण असतं आणि नीट शोधलं तर बहुतेक वेळा ते सापडतं.

आता ते कारण सांगते, कारण मला स्वतःला शरीरातली ही यंत्रणा फार आवडते. आपण आडवे असतो तेव्हा रक्त अंगभर साधारण सारखं पसरलेलं असतं. उठून उभं राहिलं की काही सेकंदांत अर्धा ते पाऊण लिटर रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरतं. मेंदू सगळ्यात वर, त्याला रक्त कमी पडायला हवं, पण आपल्याला काही जाणवत नाही. का? तर मानेतल्या कॅरोटिड धमनीत आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीत दाब ओळखणारी मज्जातंतूंची टोकं असतात, बॅरोरिसेप्टर म्हणतात त्यांना. ती खरं तर दाब मोजत नाहीत, धमनीची भिंत किती ताणली गेली ते मोजतात. दाब उतरला की भिंत कमी ताणली जाते, मानेतून नवव्या आणि महाधमनीतून दहाव्या क्रेनियल नर्व्हने (थेट मेंदूला जोडलेली नस) मेंदूच्या देठाकडे जाणारे सिग्नल कमी होतात, आणि तिथून लगेच हुकूम सुटतो: ठोके वाढवा, रक्तवाहिन्या आवळा. दोनचार ठोक्यांत हे काम सुरू होतं.

म्हातारपणी धमनीची भिंत कडक होते. कडक भिंत फारशी ताणली जात नाही, म्हणजे मोजणारं यंत्र शाबूत असून त्याला बातमीच उशिरा आणि अर्धवट पोचते. हृदयही ठोके वाढवायच्या हुकमाला पूर्वीसारखं चटकन दाद देत नाही. त्यात वयाबरोबर तहान लागणं कमी होतं, किडनीला पाणी धरून ठेवणं जमत नाही, म्हणजे मुळात रक्ताचा साठाच थोडा कमी, आणि त्यावर बीपीची, प्रोस्टेटची किंवा लघवी वाढवणारी गोळी चालू असली तर बघायलाच नको. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचं बीपी २० ने किंवा खालचं १० ने उतरलं तर त्याला ऑर्थोस्टॅटिक हायपोटेन्शन म्हणतात. ते ओळखायला पाच मिनिटं आडवं झोपवून एकदा बीपी घ्यायचं, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. साधं मशीन पुरतं. नुसतं झोपवून घेतलं तर हे कधीच कळणार नाही.

माझी एक मैत्रीण एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यात मास्टर्स केलेली आहे, तिची धाकटी बहीण वॉर्डात सिस्टर. एका रविवारी दोघी आत्याकडे आल्या. बहिणीने झोपवून बीपी घेतलं, १३८. उभं करून घेतलं, ११२. तोवर मैत्रिणीने खोलीपासून संडासपर्यंतची पावलं मोजली, गॅलरीच्या पार टोकाला, बेचाळीस. मग सहज विचारलं, "आत्या, संध्याकाळी पाणी किती पिता?"

"चारनंतर नाहीच पीत गं. रात्री कोण जाणार त्या टोकाला?"

"आणि लघवीची गोळी?"

"बँकेत जायचं असलं की नाही घेत, तिथे कुठे जायचं? दुसऱ्या दिवशी दोन घेते."

पडली ती दोन घेतल्याच्या दुसऱ्या पहाटे. २६ चा फरक एकीला दिसला, बेचाळीस पावलं दुसरीला, आणि दोन्ही एका कागदावर आल्याशिवाय अर्थ लागत नव्हता.

आपल्याकडे शिकतानाच हा कागद वेगळा होतो. महाराष्ट्रात बीएससी नर्सिंगची बहुतेक कॉलेजं १९९८ पासून नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली, समाजकार्याचं शिक्षण दुसऱ्या विद्यापीठांत किंवा १९३६ पासून चालू असलेल्या मुंबईच्या टिसमध्ये (टाटा सामाजिक विज्ञान संस्था). परीक्षा वेगळ्या, इंटर्नशिप वेगळी, भेट थेट वॉर्डात, तीही फॉर्मवर सही हवी असेल तेव्हा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये वेगवेगळ्या पेशांच्या लोकांच्या एकत्र शिक्षणाची व्याख्या केली, एकमेकांबद्दल, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकणं. एका हॉलमध्ये बसून एकच लेक्चर ऐकणं म्हणजे ते नव्हे, हे मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

अमेरिकेत इंडियानापोलिसमध्ये 'ग्रेस' नावाचं मॉडेल आहे. तिथे नर्स प्रॅक्टिशनर (जास्तीचं शिक्षण घेतलेली नर्स) आणि सोशल वर्कर जोडीने म्हाताऱ्या माणसाच्या घरी जातात, मग वृद्धरोगतज्ज्ञ, फार्मासिस्ट, फिजिओथेरपिस्ट यांच्यासोबत बसून एकच प्लॅन लिहितात. २००७ मध्ये 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात त्याचा अभ्यास आला, ६५ आणि त्यावरचे, कमी उत्पन्नाचे ९५१ लोक, दोन वर्षं. जोडी ज्यांच्याकडे जात होती त्यांच्यात इमर्जन्सीच्या फेऱ्या हजारी १४४५, बाकीच्यांत १७४८. हॉस्पिटलात भरती व्हायचं प्रमाण मात्र एकूण गटात फारसं बदललं नाही, जास्त धोक्याच्या लोकांत दुसऱ्या वर्षी कमी झालं. एकत्र शिकवण्याबद्दल २०१३ च्या कॉक्रेन आढाव्यात (जगभरचे अभ्यास एकत्र तपासणारा आढावा) फक्त १५ अभ्यास निकषात बसले, त्यांतल्या सातांत स्पष्ट फायदा दिसला. म्हणजे जादू नाही, आणि मला ती हवीही नाही. उलट पडल्यावर अलार्म वाजवणारं घड्याळ "आईबाबांची काळजी मिटली" म्हणून विकतात तेव्हा राग येतो, कारण ते पडून झाल्यावर सांगतं, गॅलरीतली पावलं ते मोजत नाही.

एकत्र शिकवायला सुरुवातीला वेगळा कोर्सही नको. नर्सिंगच्या चौथ्या वर्षाची एक मुलगी आणि एमएसडब्ल्यूचा एक मुलगा यांना सहा महिने एकच आजी द्या. महिन्यातून दोनदा दोघांनी मिळून घरी जायचं, आणि मार्क दोघांना मिळून एकाच कागदावर.

आत्याच्या डॉक्टरांना तो कागद दाखवला तेव्हा त्यांनी गोळीचा डोस आणि वेळ दोन्ही बदललं (स्वतःच्या मनाने हे कुणी करू नका, प्लीज). पलंगाशेजारी आता कमोडची खुर्ची आहे. पहाटे ती आधी काठावर बसते, पाय हलवते, मग उठते. आणि संध्याकाळी सहाला स्वतःहून तांब्या भरून उशाशी ठेवते.