मुंबई विद्यापीठाचा वारसा संग्रह आणि खाजगी देणग्या

मुंबई विद्यापीठाच्या फोर्ट कॅम्पसमधल्या जुन्या वास्तू, लायब्ररी आणि हस्तलिखितं हे सगळं बऱ्याच अंशी खाजगी देणग्यांमधून उभं राहिलंय. विद्यापीठ १८५७ चं, पण सुरुवातीला त्याला स्वतःची वास्तूच नव्हती. मग कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी दीक्षान्त सभागृहासाठी एक लाख दिले, ते १८७४ मध्ये पूर्ण झालं, आणि कापसाचे बडे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये आधी लायब्ररीसाठी दोन लाख आणि मग आईच्या नावाने टॉवर बांधायला आणखी दोन लाख दिले, तोच आपला राजाबाई टॉवर. (राजाबाईंना नीट दिसायचं नाही आणि जैन असल्याने सूर्यास्ताआधी जेवण उरकायचं, म्हणून टोल्यांची सोय, अशी गोष्ट सांगतात, खरंखोटं देव जाणे.) १८६५ ला अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, कापसाचे भाव कोसळले आणि प्रेमचंद पार बुडाले. नशीब, देणगी त्याच्या आधीची होती! डिझाइन इंग्लिश वास्तुविशारद गिल्बर्ट स्कॉटचं, तो मुंबईत कधी आलाच नाही, तरी १८६९ ते १८७८ बांधकाम चाललं आणि खर्च साडेपाच लाखांच्या आसपास गेला.

हस्तलिखितांचंही तसंच. भगवतसिंहजी संग्रह, भडकमकर स्मृती संग्रह, इच्छाराम सूर्यराम देसाई संग्रह ही नावंच सांगतात की पोथ्या कोणामुळे किंवा कोणाच्या स्मरणार्थ इथे आल्या. कायदेपंडित आसफ फैजी यांनी तर घराण्यातली इस्माइली (शिया मुस्लिमांमधला एक पंथ) हस्तलिखितं १९५७ मध्ये लायब्ररीला देऊन टाकली, जी तोवर बाहेरच्या माणसाला सहसा बघायलाही मिळत नसत. माझ्या मते ही देणगी टॉवरपेक्षा मोठी. पण पोथ्या नुसत्या ठेवून भागत नाही, कॅटलॉग लागतो. संस्कृत पोथ्यांचा, अभ्यासक देवस्थळींनी केलेला १९४४ ला आला, वेलणकरांचा १९५३ ला, त्याशिवाय अभ्यासकाला कपाटात काय आहे हे कळणार कसं?

खरी अडचण पुढे सुरू होते. समुद्र हाकेच्या अंतरावर, हवा दमट, कागदाला कसर लागते, बुरशी धरते, बासनं सोडून पानं झटकायची, फाटलेली चिकटवायची, हे दरवर्षीचं काम आणि त्याला पैसे द्यायला कोणी पुढे येत नाही, कारण झाडूवर नाव कोरता येत नाही. इमारतीला मात्र स्पॉन्सर मिळतो. २०१३ ते २०१५ मध्ये टीसीएसच्या पैशातून टॉवर आणि लायब्ररीची दुरुस्ती झाली, रंगीत काचाही पुन्हा उजळल्या. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सीएसआरला, म्हणजे सामाजिक कामांना, द्यावे लागतात आणि त्यात वारसा जतन बसतं, पण हे पैसे बहुतेक वेळा प्रोजेक्टपुरते, काम झालं की फाइल बंद. म्हणून अशा संग्रहांना कायम ठेव लागते, म्हणजे मुद्दलाला हात न लावता व्याजावर पगार, बाइंडिंग आणि स्कॅनिंग चालवायचं.