उन्हाळ्यात मेंदूतलं एक जनुक कसं जागं होतं

मे महिन्यात सोलापूरचा पारा ४३-४४ अंशांना टेकतो. यंत्रमागाच्या शेडवरचा पत्रा तापलेला असतो, आत कामगार घामानं निथळत असतो आणि दिवसभरात लघवी होते ती थोडी, गडद पिवळी. ‘उष्णता झाली’ म्हणून आपण मोकळे होतो. खरं तर पाणी राखायचा हुकूम मेंदूतून सुटलेला असतो.

घामावाटे पाणी गेलं की रक्तातल्या क्षारांचं प्रमाण वाढतं. ही वाढ एक-दोन टक्क्यांची असली तरी मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधल्या काही चेतापेशी आकसतात आणि व्हॅसोप्रेसिन सोडतात. नऊ अमिनो आम्लांचं हे संप्रेरक मूत्रपिंडाला पाणी परत खेचायला लावतं. इथवर बहुतेकांनी वाचलेलं असतं. मला जास्त रस पुढच्या प्रश्नात आहे: खर्च झालेलं व्हॅसोप्रेसिन भरून कसं निघतं?

कारण तयार साठा बेताचाच असतो, पीयूषिका ग्रंथीच्या मागच्या भागात. प्रयोगशाळेतल्या उंदरांना काही दिवस साध्या पाण्याऐवजी नुसतं खारं पाणी दिलं, तर तो पार आटतो. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येणाऱ्या आपल्या घरातल्या पिंपासारखंच. नवा माल घडवायचा तर व्हॅसोप्रेसिनच्या जनुकावरून आरएनएच्या प्रती काढायला हव्यात. पण जनुक पेशीकेंद्रात, आणि तहानेचा सांगावा येतो पेशीच्या बाहेरच्या आवरणावर.

हा सांगावा आत नेणाऱ्यांपैकी एक म्हणजे सायक्लिक एएमपी. पेशीचं इंधन असलेल्या एटीपीपासून तो क्षणात बनतो. अर्ल सदरलँड यांना तो १९५०च्या दशकात यकृतावर काम करताना सापडला आणि त्यासाठी १९७१चं नोबेल मिळालं. हा चिमुकला रेणू पीकेए या विकराला (एन्झाइमला) मोकळं करतो. पीकेए केंद्रात शिरून ‘क्रेब’ नावाच्या प्रथिनाला फॉस्फेट जोडतं आणि क्रेब जनुकाशेजारच्या ठरावीक खुणेवरून प्रती काढण्याचं काम सुरू करून देतं. ही खूण १९८०च्या दशकात उलगडली ती सोमॅटोस्टॅटिन या मेंदूतल्याच दुसऱ्या संप्रेरकाच्या जनुकावर. आणि गंमत बघा, तिकडे मूत्रपिंडात व्हॅसोप्रेसिन पोचल्यावर पाण्याच्या वाटा उघडायला पुन्हा सायक्लिक एएमपीच लागतो!

प्रती निघाल्या म्हणजे संप्रेरक झालंच असंही नाही. मायक्रोआरएनए नावाचे, सुमारे २२ अक्षरांचे आरएनएचे चिमुकले तुकडे त्या प्रतींना चिकटून त्यांचं काम थांबवतात. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना २०२४चं नोबेल मिळालं ते यांच्याच शोधासाठी. प्रजननाची सूत्रं हलवणारं जीएनआरएच हे संप्रेरक बनवणाऱ्या पेशींमध्ये मायक्रोआरएनए तयारच होऊ दिले नाहीत, तेव्हा उंदीर वांझ निघाले. दाबणारे रेणू काढले तर संप्रेरक वाढायला हवं होतं, पण ते आटलं. कारण हे रेणू त्या जनुकाला दाबत नव्हतेच. जनुकाला गप्प ठेवणाऱ्या प्रथिनांना ते आवर घालत होते.