वरकस जमिनीची पड
सह्याद्रीच्या उतारावरील हलक्या, उथळ जमिनीतून काही वर्षे पीक घेऊन नंतर ती मोकळी सोडण्याची पद्धत. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वर, जावळी व पाटण या तालुक्यांच्या डोंगरी भागात ती रूढ होती. अशा जमिनीला वरकस म्हणतात. पहिल्या वर्षी नाचणी, मग वरी आणि शेवटी कारळा घेऊन जमीन पड टाकली जाई.

पडीत जमिनीचा कस परत येतो तो मुख्यतः पाचोळ्यामुळे. आधी गवत माजते, मग कारवी व करवंदीच्या जाळ्या उठतात आणि तोडलेल्या ऐन-जांभळाच्या खोडांना धुमारे फुटतात. या झाडांची मुळे खोलवरचे पालाश (पोटॅश) व चुना ओढून पानांत आणतात आणि पानगळीतून ते पृष्ठभागावर पोचतात. उन्हाळ्यात पाचोळा कोरडाच पडून राहतो, कुजण्याला खरा वेग येतो तो मृगाच्या पावसाने. श्रावणात ऐनाखालचा थर उचलून पाहिला, तर वर जवळजवळ अख्खी पाने, त्याखाली नुसत्या शिरा उरलेली, पांढऱ्या बुरशीच्या तंतूंनी एकमेकांना चिकटलेली पाने आणि तळाशी गांडुळांच्या विष्ठेने रवाळ झालेली काळी माती दिसते.

कुजण्याचा वेग पानातील कर्ब (कार्बन) व नत्र (नायट्रोजन) यांच्या परस्पर प्रमाणावर ठरतो. पांगाऱ्यासारख्या शेंगवर्गीय वृक्षाचे नत्रयुक्त पान लवकर कुजते. कर्ब नत्राच्या साधारण २५ ते ३० पटींहून अधिक असेल, तर सूक्ष्मजीव मातीतलेच नत्र स्वतःसाठी अडकवून ठेवतात आणि ते पिकाला उशिरा मिळते. हा उशीर येथे उपकारकही ठरतो, कारण महाबळेश्वरला वर्षाकाठी ५,००० मिमीहून अधिक पाऊस पडतो आणि एकदम मोकळे झालेले नत्र मुळांनी उचलण्याआधीच वाहून जाते. म्हणूनच नाना जातींच्या झाडांचा मिश्र पाचोळा हीच पडीची खरी कमाई मानली पाहिजे.

पड मोडताना झुडपे तोडून जाळली जात. राखेतून पालाश व चुना मिळतो आणि मातीची आम्लता तात्पुरती कमी होते, मात्र पाल्यातील बहुतेक नत्र धुराबरोबर जाते. जांभ्यापासून बनलेल्या मातीत स्फुरद (फॉस्फरस) लोह व ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांना घट्ट धरून बसते, त्यामुळे त्याची भरपाई सर्वांत सावकाश होते. पडीचा काळ आखडला की झुडपांना वाढायला सवड मिळत नाही, केवळ गवत उरते आणि तेही दर उन्हाळ्यात वणव्यात जळाले, तर कुजायला फारसे काही राहत नाही.