हिवाळ्यात एकट्याने रानात मुक्काम: परवान्याचा अर्ज कुठे अडतो

हिवाळी मुक्कामाचे अर्ज परत येतात ते बहुतेक वेळा दोन-तीन रकान्यांमुळे. नाव, पत्ता, ओळखपत्र, गाडीचा नंबर हे सगळं सरळ आहे, ते कुणाचं चुकत नाही.

आधी परवाना लागतो का ते बघा, कारण पहिला घोळ इथेच होतो. उद्यानाचं प्रवेश तिकीट म्हणजे रात्रीच्या मुक्कामाचा परवाना नव्हे. 'हिवाळ्यात आरक्षण लागत नाही' या वाक्याचा अर्थ 'परवाना लागत नाही' असाही नव्हे. अमेरिकेतल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात हिवाळ्यात आगाऊ आरक्षण नसतं, पण रानातल्या मुक्कामाचा परवाना बाराही महिने लागतो. अस्वलापासून अन्न सांभाळायचा डबाही तिथे बारा महिने सक्तीचा आहे. स्कॉटलंडमध्ये लॉक लोमंड या सरोवराच्या परिसरात याच्या उलट आहे. तिथला कॅम्पिंग परवाना मार्च ते सप्टेंबर एवढ्यापुरताच आहे. नॉर्वेत मोकळ्या रानात कुणीही तंबू ठोकू शकतो, फक्त वस्तीपासून १५० मीटर लांब, आणि एका जागी दोन रात्रींपेक्षा जास्त राहायचं तर जमीनमालकाला विचारून. मात्र जिथे परवानाच नाही, तिथे तुम्ही कुठे आहात हे कोणत्याही कार्यालयाला माहीत नसतं. अशा ठिकाणी जाताना तर खालची सगळी माहिती स्वतःच लिहून घरी ठेवून जा.

पात्रतेत वयाची अट असते, ती वाचली की कळते. 'एकट्याने' या शब्दासाठी मात्र नियमावली नीट चाळा. अमेरिकेतल्या माउंट रेनियर या पर्वतावर हिमनद्यांवर किंवा शिखराकडे एकट्याने जायला वेगळी लेखी परवानगी लागते, नुसता नेहमीचा मुक्कामाचा परवाना तिथे पुरत नाही.

आता सगळ्यात छळणारा रकाना: 'हिवाळी अनुभवाचा पुरावा'. काही ठिकाणी हा मागतात, आणि असं प्रमाणपत्र कुणाकडेच नसतं. कोणत्या कागदाला पुरावा मानणार हे कार्यालयांनी स्पष्ट लिहायला हवं, ते लिहीत नाहीत, आणि माणसं 'अनेक वर्षांचा ट्रेकिंगचा अनुभव' असं ठोकून देतात. त्यातून अर्ज तपासणाऱ्याला काहीच कळत नाही. त्याऐवजी रात्रीगणिक नोंद द्या: 'जानेवारी, दोन रात्री, बर्फावर तंबू, किमान तापमान उणे ९, सोबत तिघे, तंबू आणि स्टोव्ह मी हाताळला.' अशा चार ओळी पानभर वर्णनापेक्षा जास्त काम करतात. हिमस्खलनाचं किंवा प्रथमोपचाराचं प्रशिक्षण झालं असेल तर तो दाखला जोडा. आणि बर्फावर एकही रात्र काढली नसेल तर कृपा करून अर्ज रंगवू नका. आधी कुणासोबत जाऊन या, मग एकट्याचा अर्ज करा.

दुसरा अडसर मार्गाच्या तक्त्याचा. प्रत्येक रात्रीचा मुक्काम नकाशावर दाखवता आला पाहिजे. बरेच जण उन्हाळ्यातलं अंतर तसंच उचलतात. ताज्या बर्फात तेच अंतर दुप्पट वेळ खातं, आणि दिवस लहान असतो. अंधार पडायच्या आत तंबू उभा राहील असं तक्त्यावरून दिसलं पाहिजे. सुमारे ३० ते ४५ अंशांच्या उतारावर हिमस्खलन जास्त होतं, त्यामुळे अशा उताराखाली मुक्काम दाखवलात तर प्रश्न येणारच. मागे फिरायची वाट आणि एक पर्यायी मुक्काम आधीच लिहून टाका.

तिसरा रकाना आणीबाणीच्या संपर्काचा. तो लोक सर्वांत घाईत भरतात आणि मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते. तिथे फोन उचलणारा माणूस हवा, आणि त्याला आपलं नाव दिलं आहे हे माहीत हवं. त्याच्याकडे परवान्याचा क्रमांक, गाडी कुठे लावली आहे, तंबूचा रंग आणि दोन वेळा लेखी द्या: तुम्ही परतण्याची वेळ, आणि ज्या वेळेनंतर त्याने मदत मागायची ती. शोधपथकाचा नंबरही द्या. परवाना देणारं कार्यालय रात्री आणि सुटीच्या दिवशी बंद असतं.

आणीबाणीचं बीकन, म्हणजे कळ दाबली की उपग्रहामार्फत मदतीची हाक पाठवणारं उपकरण, नेणार असाल तर त्याची नोंदणी ज्या देशाचा सांकेतिक क्रमांक त्यात भरला आहे त्या देशाकडे करायची असते. जुनं विकत घेतलेलं बीकन आधीच्या मालकाच्याच नावावर राहिलं तर तुम्ही कळ दाबल्यावर बचाव यंत्रणेचा फोन त्याच्या घरी जाईल. नेण्याआधी जिथे जाणार त्या देशाचा कायदाही बघा. भारतात उपग्रह फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारी उपकरणं दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत, आणि ती सामानात सापडल्यामुळे परदेशी प्रवाशांना विमानतळावर ताब्यात घेतलं गेलं आहे.

विम्याच्या कागदात 'बचावकार्य' हा शब्द दिसला म्हणून थांबू नका. विमा किती उंचीपर्यंत लागू आहे आणि वाटाड्याशिवाय चालतो का, हे अपवादांच्या पानावर असतं.

मुदतीबद्दल एकच सांगते, पण ते पक्कं लक्षात ठेवा. '६० दिवस आधी' म्हणजे निघण्याच्या तारखेच्या आधी, अर्ज त्या दिवसापर्यंत पोहोचलेला हवा. अलास्कातल्या डेनाली शिखराच्या चढाईच्या नोंदणीला हीच मुदत आहे. अमेरिकी अर्जात महिना आधी येतो: ५ डिसेंबर समजून ०५/१२ लिहिलंत तर परवाना १२ मेचा निघेल. महिना अक्षरात लिहायची सोय असेल तर तोच लिहा. १० ला आत जाऊन १२ ला बाहेर म्हणजे रात्री दोन, तीन नव्हेत. गाडीचंही बघून ठेवा, कारण बर्फ काढणाऱ्या यंत्रांसाठी काही वाहनतळ रात्री रिकामे ठेवतात, आणि माउंट रेनियरमध्ये १ नोव्हेंबर ते १ मे टायरच्या साखळ्या गाडीत असाव्याच लागतात.

परतल्यावर आधी त्या संपर्काच्या माणसाला फोन करा. नोंदवहीत सही करून बाहेर पडायचा नियम असेल तर तीही लगेच करा, नाहीतर तुम्ही घरी झोपलेले असताना पथक बर्फात तुम्हाला शोधत फिरेल.